खडूची खूण

१

आमच्या वृद्धाश्रमाच्या दाराशी एक कागद लावलेला असतो. कायद्याने तो लावावाच लागतो. आज कोणत्या पाळीला किती नर्स, किती आया आणि आत माणसं किती, एवढं त्यावर असतं. त्याखाली खिळ्याला दोरीने एक जाड फाइल बांधली आहे. सरकारी तपासनीस येऊन गेले की त्यांना जे वाईट दिसलं ते त्या फाइलमध्ये येतं, आणि ते वाचायची मुभा येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही असते. तीन वर्षांत ती फाइल उघडताना मी कोणाला पाहिलं नाही. मी उघडतो. रोज सकाळी, न्याहारीआधी.

वृद्धाश्रम म्हणायचं, पण आहे अर्धं इस्पितळ. मी पूर्वेच्या बाजूला राहतो, माझी बायको व्हर्ना पश्चिमेच्या बाजूला. तिला अर्धांगवायू झाला तेव्हापासून ती बिछान्यावर आहे. माझ्या छातीत चौतीस वर्षांचा कोळसा आहे, म्हणून ऑक्सिजनची टाकी चाकांवर ओढत हिंडतो.

शिक्षण सहावीपर्यंत. पण सरकारी कागद मला कोणी शिकवू नये. खाणीत मी फायर बॉस होतो. नावात आग आहे, पण आग लागू नये एवढंच त्या माणसाचं काम. पाळीची माणसं खाली उतरण्याआधी तीन तास एकट्याने खाण चालायची. वायू बघायचा, हवा बघायची, लोखंडी पहारीने छत ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं छत ठण वाजतं. सुटलेलं छत ढप वाजतं. प्रत्येक गाळ्यात, म्हणजे जिथे कोळसा काढतात त्या आतल्या बोळात, दोन खुणा करायच्या, एक तोंडाशी आणि एक टोकाशी. खडूने तारीख, वेळ आणि आपली आद्याक्षरं. तोंडाशी असलेली खूण बघून माणसं आत शिरतात. टोकाशी असलेली खूण म्हणजे तुम्ही खरोखर तिथवर चाललात याचा पुरावा. मग वर येऊन वहीत लिहायचं. तीही वही उघडीच असे. इथल्या फाइलसारखी.

२

व्हर्नाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाही वळवलं तर कातडी सडते. मार्चमध्ये तिच्या माकडहाडावर जखम दिसली, नाण्याएवढी म्हणावी तर त्याहून मोठी. डॉक्टर म्हणाले, ही वाढली तर हाडापर्यंत जाईल, आणि मग या वयात ती त्यातून उठणार नाही.

तिच्या पलंगाच्या पायाशी एक तक्ता टांगलेला होता. दर दोन तासांचा रकाना, आणि रकान्यात वळवणाऱ्याची आद्याक्षरं. तक्ता पूर्ण भरलेला. जखम तरीही वाढत होती. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत.

दुपारी जेवण झालं की मला यंत्राने वाफ देतात आणि चार वाजेपर्यंत मी माझ्या खोलीत असतो. म्हणून मी खडू आणला. इथे म्हाताऱ्यांना चित्रं काढायला बसवतात, त्या खोलीत डबाभर असतो. व्हर्नाच्या पाठीमागच्या उशीवर एक बारीक रेघ ओढली आणि तिच्यासमोर पलंगाच्या कठड्यावर दुसरी. उशी हलली तर रेघा जुळणार नाहीत.

रविवारी आया सगळ्यात कमी असतात, म्हणून चार रविवार मी हे केलं. चारही रविवारी चार वाजता रेघा जुळलेल्या होत्या. सोमवारी बघावं तर तक्त्यावर रविवारी दोन वाजताची सही असायची. एल. टी.

दारावरच्या कागदावर लिहिलं होतं, रविवार, दुपारची पाळी, पश्चिम बाजू, आया तीन. मी मोजल्या. दोन होत्या.

३

ड्रीमा त्या दोघींपैकी एक. चांगली पोर आहे. तीन खोऱ्यांपलीकडून गाडी चालवत येते. आमच्याकडे म्हाताऱ्यांना पॅपॉ आणि म्हाताऱ्या बायकांना मॅमॉ म्हणतात, तशी तीही म्हणते. एल. टी. कोण, असं मी तिला विचारलं. तिने आधी मागे बघितलं.

"पॅपॉ, मला माहीत नाही. मी त्या रकान्याला हात लावत नाही. माझ्याच्याने तीस माणसं होत नाहीत, मग मी खोटं कशाला लिहू?"

"मग लिहितं कोण?"

"सोमवारी आले की भरलेलं असतं. मला विचारलंत हे कोणाला सांगू नका हं. माझ्या गाडीचे हप्ते आहेत."

मी व्यवस्थापकाकडे गेलो. प्रुइट नाव त्याचं. दात फार पांढरे. तो म्हणाला, एल. टी. बाहेरच्या कंपनीकडून येते, फक्त शनिवार-रविवार, आणि मी त्या वेळी झोपलेला असतो म्हणून मला दिसत नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने मला दारापर्यंत सोडलं. त्या हाताचा मला राग आला.

मी एक वही केली. तारीख, वेळ, रेघ हलली की नाही. तपासनीस कधी येणार ते कोणाला आधी कळत नाही, पण येतात. आले की वही त्यांच्या हातात द्यायची असं मी ठरवलं.

४

पाचव्या रविवारी रेघा जुळल्या नाहीत.

व्हर्ना डाव्या कुशीवर होती. मी तिला उजव्या कुशीवर सोडून गेलो होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मी ड्रीमाला शोधून आभार मानले, तेव्हा ती गोंधळली. नऊ नंबरचे आजोबा न्हाणीत पडले होते आणि दोघीही तासभर तिथेच होत्या. पश्चिमेच्या खोल्यांकडे त्या वेळात कोणी फिरकलं नव्हतं.

मी परत आलो आणि उशी पाहिली. आया उशी आडवी टेकवतात. ही दुमडलेली होती, निमुळती बाजू आत सारलेली, जाड बाजू बाहेर. डाव्या हाताने मारल्यासारखी किंचित तिरकी. पाचर होती ती. खाणीत लाकडी खांब छताखाली उभा करतात आणि वर पाचर ठोकून घट्ट करतात, तशी.

डाव्या हाताने पाचर मारणारा माणूस आमच्या खाणीत एकच होता. खांब लावायचं काम होतं त्याचं. लॉनी थॅकर. पाचर बसली की तो खांबाला दोनदा थोपटायचा, घोड्याला थोपटावं तसं. मी चिडवायचो, "लॉनी, तुझ्या बायकोला कधी थोपटलंस का रे असं?" तो म्हणायचा, "होबी, बायको माझ्या डोक्यावर पडत नाही."

एल. टी. ही आद्याक्षरं मी चार आठवडे रोज वाचत होतो. तोपर्यंत ती मला फक्त खोटी वाटत होती.

मी नाडी आणि ऑक्सिजन मोजायची चिमटी बोटाला लावली. त्र्याण्णव. हवा कमी पडली की माणसाला नाही ते दिसतं, खाणीत मी ते पाहिलेलं आहे. त्र्याण्णवला दिसत नाही.

५

पुढचे रविवार तसेच गेले. वाफ घेताना यंत्राची घरघर असते. ती थांबली की इमारतीच्या पश्चिम टोकाकडून आवाज यायचा. ठण. थोडी उसंत. ठण. पुन्हा उसंत, आणि मग एकदा, लांबून, ढप.

त्या टोकाला बावीस नंबरची खोली आहे. जानेवारीत तिथे छतातला पाण्याचा नळ फुटला, तेव्हापासून तिला कुलूप होतं. मी ड्रीमाला विचारलं, तिकडे दुरुस्ती चालते का. रविवारी कोण दुरुस्ती करतं, असं ती म्हणाली.

व्हर्नाची जखम भरत होती. नर्सने फूटपट्टी लावून मापलं आणि मला दाखवलं. वर्ष झालं होतं व्हर्ना बोलून. हो आणि नाही एवढंच बोटांनी सांगायची. त्या संध्याकाळी मी तिला सफरचंदाचा गर भरवत होतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"तो हळू वळवतो."

"कोण?"

तिने नजर खांद्याकडे वळवली. तिच्या उशीच्या अभ्र्यावर, खांद्याजवळ, काळा डाग होता. मी बोट लावलं. चोळलं की पसरतो आणि चमकतो. तो कशाचा डाग आहे ते ओळखायला मला दिवा लागत नाही.

इथे मला एक गोष्ट लिहावी लागेल. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये एका सकाळी सातव्या गाळ्यात गुडघाभर पाणी होतं. माझा पाय आधीच सुजला होता. मी तोंडाशी खूण केली. टोकापर्यंत गेलो नाही. वर येऊन वहीत लिहिलं, सातवा गाळा, तपासला, ठीक. लॉनीने तोंडाशी खडू पाहिला आणि आत गेला. दहा वाजता छत खाली आलं. चौकशी झाली. खूण बघितली, वही बघितली, आणि मला कोणी काही म्हटलं नाही. टोकाची खूण असलेली भिंतच उरली नव्हती. ती कधी नव्हतीच हे फक्त मला ठाऊक होतं. लॉनीच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला मी पुढच्या बाजूला होतो. व्हर्नालाही मी हे सांगितलेलं नाही.

६

एका रविवारी मी वाफ घेतली नाही. दोन वाजता टाकी ओढत पश्चिमेच्या बाजूला गेलो. ऊन लख्ख होतं. ओसरीत दोन बायका चाकांच्या खुर्च्यांत झोपल्या होत्या, टीव्हीवर बेसबॉल चालू होता. व्हर्नाच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं.

त्या फटीतून समोरच्या भिंतीवरचा आरसा दिसतो, आणि आरशात पलंगाचा डोक्याकडचा भाग. व्हर्नाचा चेहरा दिसला. शांत होता. तिच्या खांद्यावर एक हात होता. डावा. बोटांच्या चिरांत काळं बसलेलं, करंगळीचं शेवटचं पेर नाही. मनगटाच्या पुढे आरसा संपत होता.

हात तिला वळवत होता. घाई नव्हती त्याला. कोणीही कधी मला इतक्या काळजीने हात लावलेला नाही.

माझ्या टाकीचं चाक कुरकुरलं. हात थांबला. बराच वेळ थांबला. त्याला माहीत होतं बाहेर कोण आहे. मग उशी आत गेली, आणि हाताने गादीला दोनदा थोपटलं.

दार ढकलायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. आत ऊन होतं आणि व्हर्ना होती. तक्त्यावरची सही पुसट होती, शाईची नव्हती. मी बोटाने पुसली. पांढरी भुकटी आली.

७

त्यानंतरच्याच रविवारी तपासनीस बाई आल्या. कॅस्टो नाव. जाड बूट, हातात कागद अडकवायची पाटी, न हसणारा चेहरा. मला बरं वाटलं. प्रुइट घरून धावत आला, टाय गाडीत बांधलेला.

बाईंनी तक्ता पाहिला, जखम पाहिली. जखम जवळजवळ बुजली होती. प्रुइट म्हणाला, बघा, सह्या आहेत आणि रुग्ण बरा आहे, आणखी काय पुरावा हवा. बाई माझ्याकडे वळल्या. व्हर्नाला दर दोन तासांनी वळवतात का, असं त्यांनी विचारलं.

माझी वही खिशात होती. मी रात्रंदिवस याच प्रश्नाची वाट पाहिली होती. आता उत्तरं तीन होती. गप्प बसलो तर एल. टी. येत राहील आणि व्हर्ना बरी होईल. एल. टी. नावाची आया नाही एवढंच सांगितलं तर प्रुइट सापडेल, आणि व्हर्नाला वळवलं कोणी हे विचारल्यावर मला ठाऊक नाही असं म्हणावं लागेल. सगळं सांगितलं तर मी वेडा ठरेन आणि माझी वही कचऱ्यात जाईल.

मधलं उत्तर सोपं होतं. पण ते म्हणजे पुन्हा तोंडाशी खूण करून मागे फिरणं.

मी सगळं सांगितलं. वही दिली, हजेरीपट मागा म्हणालो. मग चौऱ्याहत्तरचा मार्च, सातवा गाळा, पाणी. मग उशी, डाग, हात. व्हर्ना ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

प्रुइट हळूच म्हणाला, "बाई, यांचं वय चौऱ्याऐंशी आहे. कधीकधी यांना..."

"मिस्टर प्रुइट, मी ऐकते ते लिहिते," बाई म्हणाल्या. "ठरवते नंतर. एल. टी.चा हजेरीपट आणा."

तो आणू शकला नाही. बाहेरच्या कंपनीकडे त्या आद्याक्षरांचं माणूसच नव्हतं. प्रुइटने शेवटी कबूल केलं की सुरुवातीच्या चार रविवारच्या सह्या त्याने ऑफिसात बसून केल्या होत्या, सुचतील ती दोन अक्षरं घालून. पुढच्या सह्या त्याच्या नव्हत्या. हे सांगताना त्याचे दात दिसले नाहीत.

महिन्याने अहवाल फाइलमध्ये लागला. त्यात माणसांना नावं नसतात, आकडे असतात. सतराव्या पानावर लिहिलं आहे, "निवासी क्रमांक सहा यांनी सांगितलं की न पाहिलेली जागा पाहिल्याची खूण त्यांनी एकदा केली होती आणि त्यामुळे एक माणूस मेला." बाईंनी एक शब्दही गाळला नाही. दारातून येणारा कोणीही ते वाचू शकतो.

मी सगळं सांगितलं त्या दिवसापासून व्हर्नाने दोन दिवस माझ्या हातून घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला.

८

तपासणीनंतरच्या रविवारी दारावरच्या कागदावर आया दोन असं लिहिलेलं होतं. खरं होतं. दोन वाजता आवाज आला नाही. मी आणि ड्रीमाने मिळून व्हर्नाला वळवलं. माझा हात जड आहे. व्हर्नाने डोळे मिटून सोसलं.

मग तिसरी आया खरोखर आली. प्रुइट माझ्याशी गोड वागू लागला. बावीस नंबरची खोली दुरुस्त झाली आहे, मोठी आहे, तुम्ही दोघं एकत्र राहा, म्हणाला. बासष्ट वर्षांच्या संसारात तीन वर्षं आम्ही वेगळ्या छतांखाली झोपत होतो. मी हो म्हटलं. फाइलमध्ये पाहिलं, दुरुस्तीचा कागद होता. छत, तपासलं, ठीक. खाली सही.

गुरुवारी दुपारी ड्रीमा व्हर्नाला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. मी पुढे होतो. दाराच्या चौकटीवर, उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर खडू होता. डावीकडे कललेली अक्षरं. एल. टी., त्याच दिवसाची तारीख, एक वाजून पन्नास मिनिटं.

तपासलेली जागा, आत जायला हरकत नाही. तोंडाशी असलेल्या खुणेचा अर्थ एवढाच असतो. लॉनीनेही तो तसाच घेतला होता.

"सरका की पॅपॉ," ड्रीमा म्हणाली. "मॅमॉला खिडकीतलं ऊन दाखवू या."

"पोरी, तिथेच थांब. तिला आत आणू नकोस."

मी एकटा आत गेलो. खोली चौदा पावलांची आहे. टाकीचं चाक कुरकुरत होतं. टोकाच्या भिंतीला नवा पिवळा रंग होता. मी खिडकीची चौकट पाहिली, पडद्यामागे पाहिलं, पलंगाच्या उशाकडे वाकून पाहिलं. तिथे खूण नव्हती. कुठेच नव्हती.

मग मी खिडकीचे पडदे सरकवायची काठी उचलली. दाराजवळ छत ठोकलं. ठण. मध्यभागी, ठण. पलंगाच्या वर, जिथे व्हर्नाचं डोकं येणार होतं तिथे, हलकेच ठोकलं.

ढप.

दारात ड्रीमाने खुर्ची मागे घेतली. तिला खाणीतलं काही कळत नाही, पण तो आवाज कळायला काही शिकावं लागत नाही.

शनिवारी सुतारांनी छत उघडलं. वरचे वासे जानेवारीपासून पाण्यात होते. बोटांनी मोडत होते.

मी या गोष्टीवर खूप विचार केला आहे. लॉनीने मला माझंच देणं परत केलं, तसंच, तोंडाशी खूण करून आणि टोकाला न करून. किंवा त्याने मला एकदा टोकापर्यंत चालायला लावलं. दोन्हीची खूण सारखीच दिसते. मला ठरवता आलेलं नाही. व्हर्नाला विचारलं तर ती भिंतीकडे बघते.

फाइलच्या शेवटी एक कोरं पान होतं. त्यावर मी लिहिलं. बावीस नंबर. टोकापर्यंत गेलो. ठीक नाही. तारीख, वेळ, एच. एम.

त्याखाली खडूच्या एका सहीपुरती जागा सोडली आहे. रोज सकाळी न्याहारीआधी जाऊन बघतो.